देशी पेटंट अर्ज : जगातल्या प्रदेशांची तुलना कशी करायची? विदर्भातल्या कॉलेजांसाठी सविस्तर पद्धत

भारतात पेटंट अर्ज वाढल्याची बातमी वर्षातून किमान दोनदा येते. एक जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा, म्हणजे वायपोचा, वार्षिक अहवाल निघतो तेव्हा. अलीकडे तो नोव्हेंबरमध्ये निघतो. दुसरी आपल्या पेटंट कार्यालयाचे आर्थिक वर्षाचे आकडे जाहीर होतात तेव्हा. दोन्ही बातम्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि वाचणाऱ्याला वाटतं की कोणीतरी थापा मारतंय. थापा कोणी मारत नसतं. मोजायची पद्धत वेगळी असते, एवढंच.

आपल्याकडे पुसदपासून चिमूरपर्यंत बऱ्याच कॉलेजांत आता आयपीआर सेल, म्हणजे बौद्धिक संपदा हक्कांचा कक्ष, आहे. विद्यार्थ्यांकडून पोस्टर करून घ्यायचे म्हणून इंटरनेटवरचे दोन तक्ते उतरवले जातात आणि विषय संपतो. त्यापेक्षा एक संगणक, एक एक्सेल शीट आणि आठवडाभराची चिकाटी लावली, तर जगातले कोणते प्रदेश स्वतःच्या डोक्यावर चालतात आणि कोणते बाहेरच्यांच्या अर्जांवर, हे आपलं आपल्याला काढता येतं. आकडेवारी फुकट आहे. ती कशी वाचायची, ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी १ : ‘देशी अर्ज’ म्हणजे नेमकं काय, हे आधी पक्कं करा

एखाद्या देशाच्या पेटंट कार्यालयात त्याच देशात राहणाऱ्या अर्जदाराने केलेला अर्ज म्हणजे देशी अर्ज. वायपोच्या तक्त्यात याला ‘रेसिडेंट’ म्हणतात, बाहेरच्यांच्या अर्जाला ‘नॉन-रेसिडेंट’. अर्जदार अनेक असतील तर पहिल्या नावाचा पत्ता धरतात. इथे संशोधकाचा नव्हे, अर्जदाराचा पत्ता बघतात, हे विद्यार्थ्यांना दोनदा सांगावं लागतं. बंगळूरमध्ये बसलेल्या, मूळच्या अकोल्याच्या इंजिनिअरने काही शोधलं आणि अर्ज त्याच्या अमेरिकन कंपनीच्या नावाने पडला, तर भारताच्या कार्यालयात तो परदेशी अर्ज ठरतो. डोकं आपलं असलं तरी आकडा त्यांच्या खात्यात जमा होतो.

उलट बाजूही आहे. भारतात राहणाऱ्याने पहिला अर्ज परदेशात करायचा असेल तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ नुसार आधी परवानगी घ्यावी लागते, नाहीतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. त्यामुळे आपल्या माणसाचा पहिला अर्ज बहुधा इथेच पडतो.

पायरी २ : प्रश्न एका ओळीत लिहा

‘भारत पुढे आहे का?’ हा प्रश्न तुलनेच्या कामाचा नाही. ‘२०१० ते २०२० या काळात देशी अर्ज कोणत्या प्रदेशात किती पटीने बदलले?’ हा कामाचा आहे. त्यात काळ, मोजायची गोष्ट आणि तुलना प्रदेशांची करायची हे ठरलेलं आहे. ही ओळ शीटच्या अगदी वर लिहा. पुढे आकड्यांच्या गर्दीत तीच दिशा दाखवते.

पायरी ३ : आकडे उतरवा

दोन ठिकाणं पुरेशी आहेत. वायपोच्या आकडेवारी केंद्रात कार्यालय, वर्ष आणि देशी-परदेशी अशी निवड करून फाइल घेता येते. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर देशी पेटंट अर्ज आणि परदेशी पेटंट अर्ज असे दोन स्वतंत्र तक्ते आहेत. मूळ आकडे वायपोचेच, पण सगळे देश एका फाइलमध्ये ओळीने मिळतात. पहिल्यांदा करणाऱ्यांनी जागतिक बँकेपासून सुरुवात करावी. ताजी वर्षं मात्र वायपोकडे आधी येतात. मोबाइलवर हे काम करायला जाऊ नका, रकाने दिसत नाहीत. कॉलेजच्या लॅबमध्ये लाइन असेल तेव्हा दोन्ही फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा, पुढचं सगळं ऑफलाइन होतं.

वायपोच्या तक्त्यात ‘कार्यालयानुसार’ आणि ‘अर्जदाराच्या देशानुसार’ असे वेगवेगळे हिशेब असतात. देशी अर्जांसाठी कार्यालयानुसार घ्या. दुसऱ्या हिशेबात काही प्रादेशिक कार्यालयांतला एक अर्ज सदस्य देशांच्या संख्येने गुणला जातो. फ्रेंच भाषक आफ्रिकेचं ‘ओआपी’ नावाचं कार्यालय १७ देशांसाठी एकच पेटंट देतं, म्हणून तिथला एक अर्ज त्या हिशेबात १७ होतो. हे न बघता तक्ता केला तर आफ्रिकेचा एखादा छोटा देश एकदम डोंगराएवढा दिसू लागतो.

पायरी ४ : आकडे निवडून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे जाऊ द्या. तुलना बिघडते ती इथेच, आलेखात नाही.

पहिला घोळ वर्षाचा. वायपो जानेवारी ते डिसेंबर मोजते, आपलं पेटंट कार्यालय एप्रिल ते मार्च. वायपोच्या हिशेबात २०२२ मध्ये भारतात सुमारे ७७ हजार अर्ज आले. आपल्या वार्षिक अहवालात २०२२-२३ चे अर्ज ८२,८११. दोन्ही खरे. कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात आणि बँकेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. दोन्हीचे हिशेब एका वहीत लिहिले तर जे होईल तेच इथे होतं. देशादेशांची तुलना करताना फक्त वायपोचे आकडे वापरा. राज्यांची करायची असेल तर फक्त आपल्या अहवालाचे.

दुसरा घोळ मोकळ्या चौकटीचा. काही देश एखाद्या वर्षी आकडे कळवतच नाहीत. तिथे शून्य भरू नका, मोकळं ठेवा. आफ्रिकेच्या बेरजेत अशी छिद्रं बरीच असतात. ती शून्य धरली तर तिथे संशोधन आटलं असा साफ खोटा निष्कर्ष निघतो, आणि गरीब प्रदेशांबद्दल असे निष्कर्ष फार सहज छापले जातात.

तिसरा घोळ पद्धत बदलल्याचा. चीन २०१६ पर्यंत आलेले सगळे अर्ज मोजत असे. २०१७ पासून शुल्क भरलेलेच मोजतो. म्हणून २०१६ आणि २०१७ यांच्या मधोमध आलेखावर उभी तुटक रेघ मारा आणि खाली कारण लिहा. जपानमध्ये एका अर्जात अनेक दावे करायची पद्धत १९८८ ला आली. त्याआधी एकाच शोधासाठी अनेक अर्ज करावे लागत, त्यामुळे जपानचे जुने आकडे आजच्या मापाने फुगलेले आहेत.

चौथा घोळ ‘युटिलिटी मॉडेल’चा. छोट्या सुधारणांसाठी कमी मुदतीचा हा हक्क चीन, जर्मनी, जपान, कोरियात आहे. भारतात आणि अमेरिकेत नाही. चीनमध्ये असे अर्ज वर्षाला ३० लाखांच्या घरात जातात. ते पेटंटमध्ये मिसळले की तुलनाच उरत नाही. एक मात्र मनापासून वाटतं : आपल्याकडे हा प्रकार असता तर दारव्हा-दिग्रसच्या वेल्डिंग वर्कशॉपमध्ये डवऱ्याला, पेरणी यंत्राला जे बारीकसारीक बदल रोज होतात, त्यातले कितीतरी नोंदीत आले असते.

पायरी ५ : प्रदेश बांधा, पण मोठ्या देशाला वेगळं काढा

प्रदेशांची व्याख्या संस्थेगणिक बदलते. वायपोच्या ‘आशिया’त भारत, चीन, जपान सगळे एकत्र, जागतिक बँकेकडे भारत ‘दक्षिण आशिया’त आणि चीन-जपान ‘पूर्व आशिया व पॅसिफिक’मध्ये. एका तक्त्यात एकच व्याख्या वापरा. मेक्सिको दोन्हीकडे उत्तर अमेरिकेत नसून लॅटिन अमेरिकेत आहे, तेवढं लक्षात ठेवा.

२०२३ मध्ये जगभरात सुमारे ३५.५ लाख पेटंट अर्ज झाले आणि त्यातले ६८.७ टक्के आशियातल्या कार्यालयांत. वाचून छाती फुगते. आता चीनचे सुमारे १६.८ लाख बाजूला काढा. उरलेला सगळा आशिया, जपान आणि कोरिया धरून, जगाच्या साधारण २१ टक्क्यांवर येतो. म्हणून प्रत्येक प्रदेशाच्या दोन ओळी करा : मोठ्या देशासह आणि त्याच्याशिवाय. दक्षिण आशियात हा मोठा देश भारत आहे. तिथेही तीच शिस्त पाळायची, आपला देश म्हणून सूट नाही.

युरोपचं वेगळंच आहे. जर्मन कंपनी जर्मनीच्या राष्ट्रीय कार्यालयात अर्ज करू शकते किंवा थेट युरोपियन पेटंट कार्यालयात. तेही म्युनिकलाच आहे. ३९ देश त्याचे सदस्य आहेत. २०२३ मध्ये तिथे सुमारे १,९९,००० अर्ज आले आणि त्यातले ४३ टक्के सदस्य देशांतल्या अर्जदारांचे. फक्त राष्ट्रीय कार्यालयांची बेरीज घेतली तर हे सगळे सुटतात. दोन्हींची बेरीज केली तर तोच शोध दोनदा मोजला जातो, कारण आधी देशात आणि मग युरोपियन कार्यालयात जाणं ही तिथली रोजची वाट आहे. मी बेरीज करत नाही. दोन रेघा शेजारी शेजारी काढतो आणि वाचणाऱ्याला सांगतो की सत्य या दोनांच्या मध्ये कुठेतरी आहे.

पायरी ६ : तीन मापं लावा

नुसता आकडा, वाढ आणि लोकसंख्येमागे प्रमाण, तिन्ही एकत्र ठेवल्याशिवाय चित्र उभं राहत नाही. देशी अर्जांचे दहा वर्षांच्या अंतराचे पूर्णांकित आकडे असे :

| देश | २०१० | २०२० | २०१० = १०० धरून २०२० | दर दहा लाख लोकांमागे, २०२० (सुमारे) |
|---|---|---|---|---|
| चीन | २,९३,१०० | १३,४४,८०० | ४५९ | ९५० |
| जपान | २,९०,१०० | २,२७,३०० | ७८ | १,८०० |
| अमेरिका | २,४२,००० | २,६९,६०० | १११ | ८१० |
| दक्षिण कोरिया | १,३१,८०० | १,८०,५०० | १३७ | ३,५०० |
| जर्मनी | ४७,०५० | ४२,२६० | ९० | ५१० |
| भारत | ८,८५० | २३,१४० | २६१ | १७ |
| ब्राझील | ४,२३० | ५,२८० | १२५ | २५ |

चौथा रकाना काढायला २०२० चा आकडा २०१० च्या आकड्याने भागून १०० ने गुणायचं. दरवर्षीची सरासरी वाढ हवी असेल तर २०२० ला २०१० ने भागा, त्याचं दहावं मूळ काढा आणि एक वजा करा. एक्सेलमध्ये ‘^(१/१०)’ लिहिलं की झालं. भारताची वाढ दरवर्षी सुमारे १०.१ टक्के येते, चीनची १६.५, जपानची उणे २.४.

आता तक्ता आडवा नाही, तिरपा वाचा. कोरियाची वाढ फक्त ३७ टक्के आणि आपली १६१ टक्के. पण कोरियाने दहा वर्षांत जवळपास ४९ हजार देशी अर्ज जास्तीचे जोडले, आपण १४ हजार. टक्केवारी छोट्या पायावर नेहमीच मोठी दिसते. आणि शेवटच्या रकान्यात आपण २०२० मध्ये ब्राझीलच्याही मागे होतो, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. त्यानंतरची तीन वर्षं मात्र खरोखर वेगळी आहेत. २०२३ मध्ये भारतात एकूण ९०,२९८ अर्ज झाले, त्यातले ५५.२ टक्के देशी, म्हणजे ५० हजारांच्या आसपास. दर दहा लाखांमागे १७ चे ३५ झाले. हा वेग मनापासून आनंद देणारा आहे. कोरियाचे साडेतीन हजार शेजारी ठेवूनच तो सांगा.

चौथं एक माप मला या तिन्हींपेक्षा महत्त्वाचं वाटतं : एकूण अर्जांत देशी किती? २०२० मध्ये चीनमध्ये हे प्रमाण ९० टक्के होतं, जपानमध्ये ७९, अमेरिकेत ४५, ब्राझीलमध्ये २२. भारतात २०१० ला तेही २२ होतं, २०२० ला ४१ झालं, आणि २०२३ ला निम्म्याच्या वर गेलं. लॅटिन अमेरिकेत पेटंट कार्यालय आहे, कायदा आहे, अर्जही येतात. पण बहुतेक बाहेरच्या कंपन्यांचे, आपला माल तिथल्या बाजारात सुरक्षित राहावा म्हणून केलेले. आपण १९९८ ला आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य करारात आलो आणि २००५ ला औषधं, अन्न आणि रसायनं यांच्या उत्पादनावरचं पेटंट पुन्हा सुरू झालं, त्यानंतर बराच काळ आपलीही तीच स्थिती होती. अमेरिकेचा ४५ मात्र दुबळेपणाचा नाही. तिथली बाजारपेठ एवढी मोठी की सगळं जग तिथे अर्ज करतं. म्हणून हे माप एकटं कधी लावू नका.

पायरी ७ : रेघ का वळली, ते शोधा

आलेखात जिथे रेघ वळते तिथे बोट ठेवा आणि त्या वर्षी नियम, शुल्क किंवा अनुदान बदललं का, ते बघा.

भारतात सप्टेंबर २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली. ऑनलाइन अर्जाचे ८,००० रुपये होते, ते १,६०० झाले. व्यक्ती आणि स्टार्टअपना तो दर आधीपासून होता. शिवाय एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठांच्या रँकिंगमध्ये प्रकाशित आणि मंजूर पेटंटना गुण आहेत. दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर कॉलेजांचे अर्ज वाढणारच. त्यातले काही अस्सल आहेत. काही रँकिंगच्या फाइलसाठी आहेत, हे कॉलेजात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रकाशित अर्ज म्हणजे मिळालेलं पेटंट नव्हे, आणि प्रकाशनासाठी परीक्षण लागत नाही.

चीनमध्ये स्थानिक सरकारं अर्जासाठी अनुदान देत. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या राष्ट्रीय कार्यालयाने अर्जावरचं अनुदान त्याच वर्षी जूनपर्यंत बंद करायला आणि मंजुरीनंतरचं २०२५ पर्यंत संपवायला सांगितलं. चीनची पुढची रेघ वाचताना हे समोर असू द्या. जपानची उतरती रेघ बघून तिथलं संशोधन थांबलं म्हणू नका. तिथल्या कंपन्यांनी देशात कमी, निवडक अर्ज करून परदेशातल्या अर्जांकडे लक्ष वळवलं.

मंजुरीचे आकडे त्याच वर्षीच्या अर्जांच्या आकड्याने भागू नका. भारतात २०२३-२४ मध्ये एक लाखावर पेटंट मंजूर झाले. ते बहुतेक मागच्या अनेक वर्षांचे साचलेले अर्ज निकाली निघाल्याने. त्या वर्षीच्या अर्जांशी त्यांचा थेट संबंध नाही.

पायरी ८ : तीच मोजपट्टी आपल्या जिल्ह्याला लावा

पेटंट कार्यालयाचा वार्षिक अहवाल राज्यवार देशी अर्ज देतो. महाराष्ट्र, तामिळनाडू आणि कर्नाटक त्यात वरच्या रांगेत असतात. पण महाराष्ट्राचा आकडा म्हणजे मुंबई, पुणे आणि मग बाकीचे. जिल्ह्याचा आकडा आपल्याला हाताने काढावा लागतो.

त्यासाठी भारतीय पेटंट कार्यालयाची ‘इनपास’ ही मोफत शोधप्रणाली वापरा. शोधाच्या चौकटीत अर्जदाराचा पत्ता हा पर्याय घ्या आणि जिल्ह्याचं नाव टाका. इंग्रजीतल्या सगळ्या स्पेलिंग टाकून बघा. यवतमाळ, बुलढाणा, अमरावती ही नावं जुन्या-नव्या पद्धतीने लिहिलेली सापडतात. पत्त्यात पिनकोड असतो, तोही ताडून घ्या. यवतमाळ जिल्ह्यासाठी ४४५ ने सुरू होणारे, बुलढाण्याकडे ४४३, अमरावती-अकोला-वाशिमकडे ४४४, वर्धा-चंद्रपूर-गडचिरोलीकडे ४४२. पिनकोडच्या सीमा आणि जिल्ह्याच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून तालुक्याचं नाव शेवटी डोळ्यांनी तपासा.

सापडलेला प्रत्येक अर्ज उघडा. प्रकाशित पानावर (५४) समोर शीर्षक असतं, (७१) समोर अर्जदार आणि पत्ता, (७२) समोर संशोधक, (५७) समोर सारांश. (७१) मध्ये कधी एकच नाव असतं, खाली गाव आणि तालुका. कधी दहा नावं असतात, दहा वेगवेगळ्या राज्यांतल्या कॉलेजांची, आणि आपल्या जिल्ह्याचं नाव सातव्या क्रमांकावर. पहिल्या नावाचा पत्ता धरायचा हा पायरी १ चा नियम इथेही पाळा. सातव्या क्रमांकाचे अर्ज वेगळ्या रकान्यात टाका. मग अर्जदाराचा प्रकार लिहा : कॉलेज, विद्यापीठ, कंपनी, व्यक्ती. अर्जाचा वर्गही लिहून ठेवा, म्हणजे पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला संकेत. कापणी-वेचणीची यंत्रं ए०१डी मध्ये, पेरणीची ए०१सी मध्ये, मशागतीची अवजारं ए०१बी मध्ये येतात. वायपोच्या ३५ तंत्रज्ञान-गटांत शेतीची यंत्रं ‘इतर विशेष यंत्रे’ या गटात दडलेली असतात, त्यामुळे ब्राझीलमध्ये कापूस वेचणीवर देशी अर्ज किती हे बघायचं असेल तर गटाऐवजी वर्गानेच शोधावं लागतं.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रकाशित होतो; शुल्क भरून लवकर प्रकाशन मागितलं तरच आधी दिसतो. म्हणून जिल्ह्याची मोजणी दोन वर्षं मागे थांबवा. नाहीतर शेवटची दोन वर्षं पडलेली दिसतील आणि उगाच जीव खाली-वर होईल.

आता ताळा. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७.७ लाख होती. २०२३ च्या राष्ट्रीय सरासरीने, दर दहा लाखांमागे ३५ धरले, तर या जिल्ह्यातून वर्षाला ९७ च्या आसपास अर्ज यायला हवेत. तुमच्या शीटवर त्या वर्षाचा जो आकडा येईल तो या ९७ शेजारी ठेवा. त्यातून फक्त कॉलेजांचे वजा केल्यावर किती उरतात, तेही लिहा. शेतकरी, फिटर, छोटे कारखानदार यांचा वाटा त्या उरलेल्या आकड्यात दिसतो.

एक रकाना या सगळ्याच्या बाहेर ठेवावा लागेल. आपला पेटंट कायदा कलम ३ मध्ये शेतीची पद्धत आणि वनस्पतींचे वाण पेटंटमधून वगळतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी निवड करकरून एचएमटी धान तयार केलं. ते धान विदर्भाबाहेरही कुठल्या कुठे गेलं, पण पेटंटच्या कोणत्याही तक्त्यात त्याला जागाच नव्हती. वाणांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे आणि त्याची नोंदणीही वेगळी. अमेरिकेत मात्र १९३० पासून वनस्पती पेटंट देतात, तेही वेगळे मोजून. त्यामुळे धान, तूर, कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाची तुलना करताना वाणनोंदणीचा आकडा शेजारी मांडा, आणि नागपुरी संत्रं किंवा वायगाव हळदीसारखी भौगोलिक मानांकनं तिसऱ्या रकान्यात. तिन्हींची बेरीज करू नका.

शीट तयार झाली की नागपूरला घेऊन जा. सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. पेटंट कार्यालयाची ही प्रशिक्षण संस्था, आणि १९८० पासूनची पेटंट माहिती प्रणालीही याच शहरात. त्यांच्या प्रशिक्षणवर्गाला जाताना शीटमधल्या ज्या अर्जांचा पत्ता किंवा प्रकार ठरवता आला नाही, त्यांचे अर्ज क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून न्या आणि ते एकेक करून तिथल्या माणसांना विचारा.